भिंतीवरची माणसे

सुरत हे गाव चित्रकारांचे म्हणून कोणी ओळखत नाही. येथले कापड ओळखतात, जर ओळखतात, हिरे ओळखतात, आणि खवय्ये मंडळी घारी व उंधियू ओळखतात. परंतु कापड म्हणजे तरी काय? जिच्यावर कोयरी नाही, वेल नाही, बुट्टी नाही, अशा साडीपाशी बाजारात कोण थांबते? दिवसरात्र या शहरात नक्षी उमटत असते, आणि ती उमटविणारा हात कोणाचा हे विचारण्याची मात्र पद्धत नाही. गठ्ठ्यावर व्यापाऱ्याचे नाव असते, काठावर कारखान्याचे असते. मागावर रात्रपाळी करणाऱ्याचे कोठेच नसते. या गोष्टीचा आम्ही मुद्दाम विचार करू लागलो तो शाळेच्या भिंतीमुळे.

भिंत साधीच आहे. आवाराची रस्त्याकडील बाजू, साठ फूट लांब, पुरुषभर उंच. तिच्यावर आजवर पानाच्या पिचकाऱ्या, शिकवणीवर्गांच्या जाहिराती आणि निवडणुकीच्या घोषणा यांचेच राज्य होते. गेल्या वर्षी ती चुन्याने धुऊन काढून तिच्यावर चित्रे काढावीत असे ठरले, आणि मग सूचनांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, फुले आणि फुलपाखरे काढा. कोणी म्हणाले, थोर पुरुषांची मुखे ओळीने काढा. कोणाला भारताचा नकाशा हवा होता, तर कोणाला दूरदर्शनवरील मांजर आणि उंदीर. सर्वच सूचना निरुपद्रवी होत्या, आणि त्यांच्याविषयी याहून अधिक काही म्हणता येण्यासारखे नव्हते.

त्याच सुमारास प्रवेशाचे अर्ज चाळण्याचे काम आमच्याकडे होते. अर्जात एक रकाना असतो : पालकांचा व्यवसाय. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांची घरे मूळची खानदेशातील. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कोणाचे आजोबा आले, कोणाचे वडील आले, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहिले. कोणी यंत्रमाग चालवितो, कोणी रंगाऱ्याच्या कारखान्यात तापलेल्या पाण्यापाशी उभा असतो, कोणी भाजीची गाडी लावतो. कित्येक माता घरी बसून साडीवर टिकल्या आणि खडे चिकटवितात. परंतु रकान्यात यातले काहीच नव्हते. ‘नोकरी’, ‘प्रायव्हेट’, ‘कंपनीत’ असे लिहिलेले होते. ज्याचे वडील रिंगरोडच्या कापडबाजारात दिवसभर डोक्यावरून गठ्ठे वाहतात, त्या एका मुलाने सुवाच्य अक्षरात ‘टेक्सटाइल’ असे लिहिले होते. ते खोटे होते असे म्हणता येत नाही. परंतु तो शब्द वाचून वडिलांची मान, त्यांचे खांदे, त्यांचा घाम यांपैकी काहीच डोळ्यांपुढे येईना, आणि येऊ नये अशीच त्या मुलाची इच्छा असावी.

भिंतीवर काय काढावे याचे उत्तर आम्हांला त्या रकान्यात दिसले. मात्र हे उत्तर आमचे पहिलेच आहे असे समजण्याचे कारण नाही. ते या सुरत जिल्ह्यातच, तापीच्या काठी, १९३८ साली एका चित्रकाराने देऊन ठेवलेले आहे.

बारडोली तालुक्यात कडोदजवळ हरिपुरा नावाचे खेडे आहे. तेथे फेब्रुवारी १९३८ मध्ये राष्ट्रसभेचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, आणि एक्कावन्न बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ त्या तात्पुरत्या नगराला विठ्ठलनगर असे नाव दिले होते. इतिहासाच्या पुस्तकात येथवर मजकूर असतो आणि पुढे ठरावांची यादी सुरू होते. त्या नगराच्या वेशींवर, मंडपाभोवती, स्वयंसेवकांच्या राहुट्यांत आणि पुढाऱ्यांच्या निवासातसुद्धा सुमारे चारशे चित्रे लावली होती, हे सांगावयास पुस्तकाला जागा उरत नाही. ती चित्रे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांच्या कल्पनेची. त्यांपैकी ऐंशीहून अधिक त्यांनी स्वतः रंगविली आणि उरलेली त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांवरून उतरविली.

नंदलाल बोस यांना केवळ चित्रकार म्हणणे अपुरे आहे. १८८२ साली बिहारमधील खरगपूर हवेली येथे त्यांचा जन्म झाला. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली ते शिकले, आणि पुढे रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात गेले. तेथे त्यांनी भित्तिचित्रे काढली, नाटकांचे रंगमंच सजविले, उत्सवांसाठी अंगणातील रांगोळ्यांना नवे रूप दिले, लाकडावर व लिनोलियमवर ठसे कोरले, मुलांच्या वाचनपुस्तकासाठी चित्रे काढली. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाची जी हस्तलिखित प्रत आहे, तिची पाने त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजविली आहेत. उच्च कला आणि हस्तकौशल्य यांच्यामध्ये जी भिंत घालण्याची आपल्याला सवय आहे, ती या मनुष्याला कधी दिसलीच नसावी.

आणि खानदेशच्या मुलांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी एक गंमत आहे. या बंगाली चित्रकाराच्या आयुष्यात तापीचे खोरे पुन्हा पुन्हा येते. १९०९ च्या सुमारास, अजून तरुण असताना, लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंच्या बरोबर ते अजिंठ्यास गेले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करीत राहिले. अजिंठ्याच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर नदी पुढे जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातच, यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले होते. त्या नगराच्या सजावटीचे काम गांधीजींनी नंदलालांवर सोपविले. आपण चित्रकार आहोत, इमारती उभारणे आपले काम नाही, असे नंदलालांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते मानले नाही. मग स्थापत्याचे काम म्हात्रे यांनी आणि सजावटीचे नंदलालांनी पाहिले, आणि बांबू, गवत, चटया अशा खेड्यातल्याच सामानातून टिळकनगर उभे राहिले. त्यानंतर सव्वा वर्षाने हरिपुरा. अजिंठा, फैजपूर, हरिपुरा : पाण्याची वाट हीच, आणि नंदुरबारवरून उधन्यास येणाऱ्या गाडीत बसून आमच्या मुलांचे आजोबा आले ती वाटही बहुतेक हीच.

हरिपुऱ्याची चित्रे आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि त्यांच्या छापील प्रती पुष्कळ पुस्तकांत आहेत. २०१९ साली इटलीत व्हेनिस येथे जे मोठे कलाप्रदर्शन झाले, तेथे भारताच्या दालनातही ती मांडली होती. प्रत्येक चित्र साधारण दोन फुटांचे. हातकागदावर मातीचे रंग : गेरू, पिवडी, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, थोडा हिरवा, थोडा निळा. देवळातील कोनाड्याला असते तशी कमान काढून तिच्यात एकेक मनुष्य बसविलेला आहे. कमानीत देव असावयाचा, ही आपली डोळ्यांची सवय. येथे तीत पिंजारी आहे. धनुकलीची तार ताणून तो कापूस पिंजतो आहे. शेजारच्या कमानीत शिंपी, पुढे सुतार, चांभार, ढोल वाजविणारा, सूत काढणाऱ्या बाया, बैलाला आवरणारा गडी, एवढेच काय, कानातील मळ काढणारासुद्धा! रेषा जाड आणि वेगाने ओढलेली. बंगालचे पटुवा चित्रकार जशी बाजारातल्या गिऱ्हाइकासाठी झपाट्याने चित्रे काढीत, तशी ही पद्धत. बहुतेक माणसे आपल्याकडे पाहात नाहीत. ज्याचे त्याचे लक्ष हातातील कामात आहे, आणि आमच्या मते या चित्रांचा सारा मान याच एका गोष्टीत साठविलेला आहे. दयेची याचना करणारा मनुष्य पाहणाऱ्याकडे पाहतो. हे लोक कामात आहेत.

गांधीजींची अट अशी होती की चित्रे पाहण्यासाठी खेडुताला कोठे आत जावे लागू नये. येताजाता ती त्याच्या नजरेस पडली पाहिजेत. ही अट लहान दिसते, परंतु तिने चित्रकाराचे सारे गणित बदलते. तिकीट काढून आत आलेला प्रेक्षक चित्रापुढे थांबतोच. पैसे दिलेले असतात. डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई थांबत नाही. तिला चालता चालता कळले पाहिजे, दुरून कळले पाहिजे, आणि अक्षर येत नसले तरी कळले पाहिजे. जाड रेषा, मोजके रंग, एका चित्रात बहुधा एकच काम, यांचे कारण तेथे आहे. तसेच चारशे चित्रे एका हाताने होत नाहीत, म्हणून शिष्यांना उतरवून घेता येतील अशीच ती असावी लागली. आज आपण मूळ चित्र आणि नक्कल यांच्या किमतीत जमीनअस्मानाचे अंतर मानतो. विठ्ठलनगरच्या वेशीखालून जाणाऱ्या शेतकऱ्याला त्या अंतराशी काय कर्तव्य होते?

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण शाळेच्या अंकात थोरांविषयी लिहिताना ती बहुधा गाळली जाते. चित्रात मान मिळाला म्हणून संसारात मिळतो असे नाही. ज्या बारडोली भागात ही चित्रे लागली, त्याच भागात तेव्हा हाळीची प्रथा होती. दुबळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातीचा तरुण लग्नाच्या खर्चासाठी सावकार शेतकऱ्याकडून पैसे घेई, आणि त्या कर्जापायी तो, त्याची बायको आणि पुष्कळदा त्याची मुलेही त्या घरी राबत. आज हा समाज स्वतःस हळपती म्हणवितो. हरिपुऱ्याच्या कमानींत ढोलवाला आहे, पण त्याच्या डोक्यावरील कर्ज नाही. चित्रातले सगळेच लोक निरोगी, धडधाकट आणि कामात रमलेले दिसतात. त्याचा दोष आम्ही चित्रकाराला देत नाही. उत्सवाच्या वेशीवर काय लावावयाचे यालाही काही मर्यादा असते. पण भिंत रंगवून झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे जे समाधान रंगविणाऱ्याला वाटू लागते, त्यापासून सावध राहण्यासाठी ही आठवण बरी.

नंदलालांचे या बाजूचे आणखी एक मोठे काम बडोद्यास आहे, आणि सहल काढावयाची तर आम्ही तिकडे काढू. सयाजीराव गायकवाडांनी बांधलेल्या कीर्तिमंदिरात त्यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगविल्या : गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, महाभारतातील युद्ध आणि नटीची पूजा. ते काम टिकाऊ, राजाश्रयाचे आणि भव्य आहे. तरी मन हरिपुऱ्याकडेच ओढ घेते. तसेच १९३० सालचा त्यांचा काठी टेकीत चाललेल्या गांधीजींचा काळापांढरा ठसा. तो दांडीयात्रेचा, आणि दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती. आज ती नवसारी जिल्ह्यात मोडते. असो.

तर आमची भिंत. नियम दोनच केले. चित्र छापील चित्रावरून काढावयाचे नाही. ज्याचे काढावयाचे त्याच्यासमोर निदान अर्धा तास बसून पाहावयाचे. आणि त्याची परवानगी घ्यावयाची. पहिला नियम मुलांना कठीण वाटला, दुसरा सोपा. प्रत्यक्षात उलट झाले. बसून पाहण्याची गोडी मुलांना लागली. रोज ज्या बापाच्या हातचे खातो त्याचा अंगठा बॉबिनच्या सुताने कापलेला आहे, हे एका मुलाला त्या अर्ध्या तासात प्रथम दिसले. मागावर तुटलेला धागा सांधताना मनुष्य श्वास रोखून धरतो, असे दुसऱ्याने आपल्या वहीत लिहिले आहे. परवानगी मात्र सहजासहजी मिळेना.

एका विद्यार्थिनीने आपल्या आईचे चित्र काढले होते. आई जमिनीवर बसून साडीवर खडे चिकटविते आहे, केस सुटलेले आहेत, शेजारी डिंकाची वाटी आहे. चित्र इतके खरे होते की आम्ही ते लगेच पसंत केले. आईने ते पाहिले आणि नको म्हणून सांगितले. कामाचे चित्र काढा, तिचे ना नव्हते. परंतु अशा अवतारात रस्त्यावर आपण उभ्या राहणार नाही. तिला पाटवाची हिरवी साडी हवी होती, केसांचा अंबाडा हवा होता, कुंकू मोठे हवे होते. यावर वर्गात जो वाद झाला, त्याच्याइतका चांगला वाद आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एक बाजू म्हणे, कोणी सणाची साडी नेसून खडे चिकटवीत बसते काय? हे खोटे होईल. दुसरी बाजू म्हणे, फोटो काढावयाचा तर तूसुद्धा केस विंचरतोस. मग काकूंनीच का विंचरू नयेत? आमचे मन प्रथम पहिल्या बाजूकडे झुकत होते. परंतु भिंत रस्त्यावर आहे, आणि त्या रस्त्याने रोज जाणार ती बाई. तिचा चेहरा तेथे कसा असावा हे ठरविण्याचा पहिला हक्क तिचाच. हिरवी साडी काढली गेली. डिंकाची वाटी मात्र मुलीने सोडली नाही, आणि आईनेही तिला हरकत घेतली नाही.

रंग मुलांनीच कालविले : गेरू, पिवडी, चुना, काजळी, त्यांत डिंक. बाजारातील तयार तैलरंग अधिक टिकले असते हे आम्हांला ठाऊक आहे. पण गेरू सारवणाऱ्या आज्या अजून घरोघर आहेत. त्यांपैकी तिघी चार दिवस येऊन बसल्या आणि चुन्यात डिंक किती, हे त्यांनी आम्हांला शिकविले. एरवी शाळेच्या पायरीशी थांबणाऱ्या या बायका प्रथमच शिकविण्यासाठी आत आल्या. दहावीतील एका मुलाने कमानी आखल्या, त्या हरिपुऱ्याच्या चित्रांवरून घेतल्या आहेत हे येथे सांगितले पाहिजे. एका कमानीत नंदलालांचा पिंजारीही आम्ही उतरवून काढला आहे. बाकी सारे शेजारपाजारचे : मागवाला, रंगारी, भाजीवाली, रिक्षावाला, बांधकामावरील बाई, चहावाला.

भिंत तयार झाल्यावर समारंभ केला नाही. पहिल्याच दिवशी सकाळी, रात्रपाळी संपवून येणारी माणसे डबे हातात घेऊन रस्त्यात उभी राहिली. दुसरीतला एक मुलगा हिरव्या साडीपुढे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “हाई मनी माय शे.” शाळेत आम्ही त्याच्या अहिराणीला प्रमाण भाषेत वळविण्याचा प्रयत्न करीत असतो. त्या सकाळी कोणी केला नाही.

जूनमध्ये नवे अर्ज आले. आम्ही तो रकाना उत्सुकतेने पाहिला. दोघातिघांनी ‘यंत्रमाग कामगार’ असे लिहिले आहे, एकीने ‘आई : साडीवर खडेकाम’ अशी ओळ रकान्याबाहेर जाऊन लिहिली आहे. ज्याचे वडील गठ्ठे वाहतात त्या मुलाने यंदाही ‘टेक्सटाइल’ असेच लिहिले. त्याच्या वडिलांचे चित्र भिंतीवर नाही. त्याने काढले नाही आणि आम्ही आग्रह केला नाही.

पहिल्या पावसात चुना दोन ठिकाणी सुटला, पिवडी ओघळून भाजीवालीच्या टोपलीत उतरली. दिवाळीच्या सुटीनंतर डागडुजी करावयाची आहे. फाटकाजवळील सात फूट भिंत अद्याप कोरी आहे. तेथे काय काढावे यावरून आठवी आणि नववी यांचे अजून पटलेले नाही. तूर्त तिच्यावर कोणी शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवू नये म्हणून दोन्ही वर्गांनी पाळीपाळीने राखण ठेवली आहे.